मेडिकलवाल्या दादांचा पहिला चष्मा: प्रोग्रेसिव्ह की नुसता जवळचा?

कराडमध्ये गेली अकरा वर्षं मी नंबर काढायचं काम करते आणि चाळिशी लागलेला जवळजवळ प्रत्येक माणूस खुर्चीत बसल्या बसल्या हेच विचारतो, प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचा, मधला आणि जवळचा नंबर) घेऊ का साधा वाचायचा घेऊ. याचं एका वाक्यात उत्तर देणारी मंडळी भरपूर आहेत, मीही बरीच वर्षं तेच करायचे. एका केसनं माझी ती सवय मोडली म्हणून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतेय. त्यांना विचारूनच लिहितेय, नाव तेवढं देत नाही.

दादा तेव्हा ४६ वर्षांचे होते. स्वतःचं मेडिकलचं दुकान, सकाळी नऊ ते रात्री साडेनऊ, मधे जेवायला जेमतेम तासभर घरी. आयुष्यात कधी चष्मा नाही, आणि आपले डोळे चांगले याचा थोडा अभिमानही. आल्या आल्या म्हणाले, "ताई, स्ट्रिपवरचा बॅच नंबर दिसंना झालाय, एक्स्पायरी तर पोराला हाक मारून वाचून घ्यावी लागते." मग जरा थांबून खरं कारण सांगितलं. चारपाच दिवसांपूर्वी एका आजींना बीपीची २५ ची गोळी द्यायची होती, यांच्या हातून ५० ची स्ट्रिप काउंटरवर गेली. आजींच्या नातवाच्या लक्षात आलं म्हणून तिथल्या तिथं बदलली. पण दादांना त्या रात्री झोप लागली नव्हती, सांगताना आवाज बारीक झाला होता त्यांचा.

आता त्यांनी चष्म्याचा प्रयत्न केलाच नव्हता असं नाही. एसटी स्टँडजवळ तयार चष्मे विकायला बसतात तिथून एक आणला होता, प्लस २.५० चा. कसा निवडला तर चारपाच लावून बघितले आणि ज्यात अक्षर सगळ्यात मोठं दिसलं तो उचलला. हे इतकं कॉमन आहे की काय सांगू, माणसाला वाटतं मोठं दिसतंय म्हणजे चांगला चष्मा. तो लावून स्ट्रिप दिसायची, पण बिलिंगच्या कॉम्प्युटरकडे बघितलं की धुरकट, समोरचं गिऱ्हाईक धुरकट, आणि दोन पावलं चाललं की गरगरल्यासारखं. तीन दिवसांत तो ड्रॉवरमध्ये गेला, आणि दादांनी मनात पक्कं केलं की वाचायच्या चष्म्यानं आपलं काम होत नाही, आपल्याला ते प्रोग्रेसिव्हच लागणार. बँकेतला त्यांचा एक मित्र प्रोग्रेसिव्ह घालायचा आणि त्याचं कौतुक रोज ऐकायला मिळायचं.

तपासलं. दूरचं दोन्ही डोळ्यांनी चष्म्याशिवाय ६/६, शेवटची ओळ सुद्धा खडाखडा. पण दोन्हीकडे प्लस ०.५० लपलेला होता. असा छोटा प्लस तरुणपणी कळतच नाही, डोळ्याच्या आतलं भिंग स्वतःच फुगून तो भरून काढतं, आणि म्हणूनच "आमची नजर एकदम क्लिअर" म्हणणाऱ्यांना चाळिशी जरा लवकर आणि जरा जोरात गाठते. ते भिंग वयाबरोबर कडक होत जातं, फुगायची ताकद कमी होते, चाळिशी म्हणजे एवढंच. तिथे काही बिघडलेलं नसतं आणि डोळ्यांच्या व्यायामानं ते भिंग परत मऊही होत नाही. दूरचा नंबर घालून बारीक अक्षर जवळ जवळ आणत गेले तर त्यांचं २८ सेंटिमीटरला धुरकट झालं. म्हणजे (१०० ला २८ नं भागून) साधारण साडेतीन नंबरची ताकद शिल्लक. यातली निम्मीच रोजच्या कामाला धरायची, निम्मी राखून ठेवायची, नाहीतर संध्याकाळी डोकं दुखतं, आणि दादांचं रोज सातच्या सुमाराला दुखतच होतं. स्ट्रिप ते ३५ सेंटिमीटरवर धरायचे, त्याला पावणेतीनच्या वर ताकद लागते. वजाबाकी केली तर एकच्या जरा वर आलं, थोडी सढळ धरून जवळची अ‍ॅड (दूरच्या नंबरवर जवळसाठी घालायची भर) ठेवली प्लस १.२५. त्यानं एन ६ चं बारीक अक्षर आरामात वाचलं.

आणि मग मी चुकले. मी सरळ प्रोग्रेसिव्ह लिहून दिला. डोक्यात हिशोब असा की माणूस दुकानदार, खाली स्ट्रिप, मधे कॉम्प्युटर, वर गिऱ्हाईक, तीन अंतरं म्हणजे प्रोग्रेसिव्ह, विषय संपला. फ्रेम पण काढून ठेवली. दादांनी किंमत ऐकली, "उद्या सांगतो" म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आईच्या गोळ्या घ्यायला त्यांच्याच दुकानात गेले. गर्दी होती, दहापंधरा मिनिटं उभी राहिले आणि तेवढ्यात जे दिसलं ते माझ्या खोलीत बसून कधीच दिसलं नसतं. औषधांचे रॅक पार छतापर्यंत. दादा चिठ्ठी वाचतात, वळतात, मान मागे टाकून वरच्या कप्प्यातल्या खोक्यांवरची नावं वाचतात, हात वर करून खोकं काढतात, तिथंच डोक्याच्या वर धरून स्ट्रिपवरचं बघतात, मग काउंटरवर. खाली मान घालून वाचणं होतंच, पण वर बघून वाचणं त्याच्यापेक्षा जास्त. मी पर्समधली टेप काढली (कपडे मापायची, ती कायम असते), गर्दी ओसरल्यावर दादांना म्हटलं जरा उभे रहा तसेच, आणि मापं घेतली. डोळ्यापासून स्ट्रिप ३५, कॉम्प्युटर ६५, वरचा कप्पा ७५, काउंटरपलीकडच्या गिऱ्हाइकाचा चेहरा ११० सेंटिमीटर. सीसीटीव्हीचा स्क्रीन भिंतीवर, दोन मीटर लांब.

प्रोग्रेसिव्ह काचेची रचना माहीत असेल तर गोची कुठे आहे ते लगेच कळेल. १९५९ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड मेतनाज यांची व्हॅरिलक्स नावाची प्रोग्रेसिव्ह काच आली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, वरच्या भागात दूरचा नंबर, खाली नाकाकडे जवळचा, आणि दोन्हीच्या मधे एक अरुंद बोळ, ज्यात नंबर हळूहळू वाढत जातो. बायफोकलसारखी रेघ नाही, नंबरची उडी नाही, मधलं अंतरही मिळतं, काच म्हणून ती फार सुंदर आहे यात शंकाच नाही. पण जवळचा नंबर खाली आहे. वरच्या कप्प्याकडे मान टाकून बघणारा माणूस काचेच्या वरच्या किंवा मधल्या भागातून बघतो, तिथे जवळचा नंबर नसतोच. डोक्याच्या वर धरलेल्या स्ट्रिपवरचं वाचायला त्याला हनुवटी अजून वर, अजून वर करावी लागणार, तेही दिवसातून शेकडो वेळा. महिन्याभरात मानेचं दुखणं घेऊन आले असते, आणि मी "सवय होईल" म्हणत बसले असते.

मग मी साध्या भागाकाराकडे वळले. चष्म्यात जवळची अ‍ॅड जेवढी, त्यानं १०० ला भागायचं, की त्या चष्म्यातून स्पष्ट दिसायची लांबची हद्द सेंटिमीटरमध्ये मिळते. अ‍ॅड म्हणजे दूरचा नंबर वगळून वरचा जास्तीचा भाग, एवढं लक्षात ठेवायचं. दादांच्या स्टँडवरच्या चष्म्यात २.५० मधून त्यांचा स्वतःचा ०.५० गेला, राहिले २.००, हद्द झाली ५० सेंटिमीटर. कॉम्प्युटर ६५ ला, तो कसा दिसणार? चष्म्याचा प्रकार चुकीचा नव्हताच, नंबर जास्त होता. आता १.२५ नं भागा, ८० येतात. स्ट्रिप आत, कॉम्प्युटर आत, ७५ वरचा कप्पासुद्धा आत. साध्या जवळच्या चष्म्यात सगळ्या काचेत एकच नंबर असल्यामुळे मान वर असो, खाली असो, वाकडी असो, फरक पडत नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा ११० ला, तो हद्दीच्या थोडा बाहेर, पण अर्ध्या नंबरच्याही आतला धूसरपणा, माणूस ओळखायला, त्याच्याशी बोलायला काहीच अडचण नाही. म्हणजे आख्खं दुकान एका साध्या चष्म्यात बसत होतं आणि मी त्याच्या कितीतरी पट महागाची काच लिहून दिली होती. खरं सांगते, त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं.

कागदावरच्या हिशोबावर विश्वास ठेवून थांबले नाही. ट्रायल फ्रेममध्ये (नंबर तपासायची, काचा बदलता येणारी फ्रेम) १.७५ च्या काचा (०.५० दूरचे अधिक १.२५) टाकून संध्याकाळी सात वाजता, म्हणजे बरोबर डोकं दुखायच्या वेळेला, त्यांच्या दुकानात गेले. ट्रायल फ्रेम दिसायला विचित्र असते, गोल लोखंडी, गिऱ्हाईक हसत होती, पण दादा अर्धा तास ती घालून धंदा करत राहिले. एक स्ट्रिप उलटी करून चंदेरी पत्र्यावर दाबून छापलेला, रंगसुद्धा नसलेला बॅच नंबर वाचून दाखवला, मला सुद्धा तो तिरका धरून बघावा लागतो. मग वरच्या कप्प्यातली चार नावं एका दमात वाचली. अडलं एकाच ठिकाणी, सीसीटीव्ही. आणि दारातून कुणी आत येत असेल तर रस्त्यापलीकडचं काही नीट दिसेना.

त्यावरचा उपाय जुनाच आहे. कमी उंचीची, अरुंद फ्रेम घ्यायची आणि नाकावर जरा खाली बसवायची, म्हणजे लांबचं बघायचं झालं की काचेच्या वरून उघड्या डोळ्यांनी बघता येतं. त्यांची दूरची नजर ६/६ होती म्हणून हे जमलं, मायनस नंबरवाल्याला हे जमणार नाही. फक्त फार खाली सरकवायची नाही, वरचा कप्पा बघताना काच डोळ्यासमोर राहायला पाहिजे, त्यामुळे फ्रेम ठरवायला आम्हाला चांगला पाऊण तास लागला, दुकानातच, मान वर करून करून. शेवटी २४ मिलिमीटर उंचीची एक निघाली जिच्यात दोन्ही जमत होतं.

बाकीचे पर्याय बघितलेच. बायफोकलमध्ये वरच्या कप्प्याचा तोच प्रॉब्लेम, शिवाय मधे रेघ आणि नंबरची उडी. ऑफिस लेन्स म्हणून मिळते, जिच्यात दूरचा भाग सोडून देऊन कॉम्प्युटर आणि जवळचं यांना ऐसपैस जागा दिलेली असते, ती चालली असती, पण या नंबरला साध्या काचेनं जे फुकटात मिळत होतं त्याच्यासाठी जास्त पैसे का मोजायचे.

एक मुद्दा प्रोग्रेसिव्हच्या बाजूनं आहे आणि तो खराच भारी आहे, म्हणून त्यावर मी दोन दिवस विचार केला. प्रोग्रेसिव्हच्या काचेत कडेला जे वाकडंतिकडं, तरंगल्यासारखं दिसतं ते टाळता येत नाही, मिंकविट्झ नावाच्या संशोधकानं १९६३ साली गणितानं दाखवून ठेवलंय की बोळात नंबर ज्या वेगानं वाढतो त्याच्या दुप्पट वेगानं त्याच्या बाजूला सिलिंड्रिकल दोष (उभ्या-आडव्या रेषा सारख्या स्पष्ट न दिसणं) वाढत जातो. अ‍ॅड लहान तेवढा कडेचा त्रास कमी. म्हणून आमच्या धंद्यात सांगतात की लावायचाच असेल तर १.०० नाहीतर १.२५ असतानाच लावा, सवय लवकर होते, २.२५ झाल्यावर पहिल्यांदा घातला तर जड जातं. हे मला मान्य आहे. पण उद्या सोपं जावं म्हणून आज माणसाला त्याच्या कामाला न बसणारा चष्मा द्यायचा हे मला पटत नाही, आणि १.२५ वरून १.७५ ला जाईपर्यंत थांबलं तर काही आभाळ कोसळत नाही. शिवाय दादांना नाकावर फ्रेम असणं हीच गोष्ट नवी होती. त्यांच्या बँकेतल्या मित्राला कॉलेजपासून मायनस २ चा नंबर, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चष्मा डोळ्यावर, त्याला प्रोग्रेसिव्ह म्हणजे आहे त्या चष्म्यात खाली थोडी भर एवढंच. त्याचा अनुभव दादांना लागू पडत नाही, दोघं शाळासोबती असले तरी.

आणि साधा जवळचा चष्मा म्हणजे गरिबाचा, कामचलाऊ, हा समज तर मनातून काढूनच टाकायला पाहिजे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर एक अभ्यास झाला होता, २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आला. साधा जवळचा चष्मा मिळालेल्यांची रोजची पत्तीतोड न मिळालेल्यांच्या तुलनेत वीस टक्क्यांहून जास्त वाढली. मी ते वाचलं तेव्हा थक्क झाले होते, कारण काच तीच, आपण कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये ठेवतो ती.

काच टाकायच्या आधी मी दादांना शुगर करून यायला लावली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे डोळ्यातलं प्रेशर आणि मागचा पडदा बघायला पाठवलं. शुगर वरखाली होत असेल तर नंबर हलतो, आज काढलेला पंधरा दिवसांनी चुकतो. आणि काचबिंदूमध्ये सुरुवातीला बहुतेकांना काहीच जाणवत नाही, तेव्हा चाळिशीचा पहिला चष्मा हे ते बघून घ्यायचं चांगलं निमित्त आहे. दोन्ही नॉर्मल आलं.

चष्मा दिला. तीन आठवड्यांनी आले तेव्हा डोकेदुखी थांबली होती, एक्स्पायरी वाचायला पोराला हाक मारणं बंद झालं होतं. तक्रारी दोन. एक म्हणजे चष्मा लावूनच दारापर्यंत चालत गेलं की फरशी वर आल्यासारखी वाटायची, ते होणारच, चालायला तो चष्मा नाही, काढायचा किंवा वरून बघायचं. दुसरं म्हणजे चष्मा सारखा कुठेतरी राहायचा, गल्ल्यावर, फ्रिजवर, एकदा तर एका गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेला आणि रात्री परत आला. दोरी लावून दिली. आधी नको म्हणाले, म्हातारं दिसतं, मग वहिनींनीच काळी बारीक दोरी आणली आणि प्रश्न मिटला.

त्याच महिन्यात एका शाळेतल्या बाई आल्या होत्या, ४५ वर्षांच्या, दूरचा मायनस १, तो त्या कधी घालायच्या कधी नाही. वही तपासायची, मान वर करून शेवटच्या बाकावरचा कोण बोलतोय ते बघायचं, मागे वळून फळा, परत वही, मिनिटाला चार वेळा. त्यांना मी पहिल्याच दिवशी प्रोग्रेसिव्ह दिला आणि आठ दिवसांत त्या रुळल्या. नुसता दूरचा चष्मा दिला असता तर दिवसभर काढघाल करून वैतागल्या असत्या. अ‍ॅड दोघांचीही १.२५ च होती.

अडीच वर्षांनी दादा परत आले, आता ४९ चे. येतानाच एक कागदाचा तुकडा घेऊन आले होते, मेडिकलच्या बिलाच्या मागच्या बाजूला पेननं लिहिलेलं, स्ट्रिप ३५, कॉम्प्युटर ६५, रॅक ७५, खाली एक नवीन ओळ, रात्री गाडीवर समोरच्या एसटीचा बोर्ड. स्वतःच टेप लावून मोजलं होतं. नंबर काढला तर दूरचा प्लस ०.७५ झाला होता आणि आता तो डोळ्याला आतल्या आत दिवसभर आरामात भरून काढता येत नव्हता, म्हणून रात्रीचे बोर्ड पुसट. जवळची अ‍ॅड १.७५. भागाकार त्यांनीच केला, मोबाइलवर, ५७. म्हणजे साध्या जवळच्या चष्म्यात आता कॉम्प्युटरही हद्दीबाहेर. दूरचाही पाहिजे, मधलाही पाहिजे, जवळचाही पाहिजे, आणि चष्मा नाकावर वागवायची सवय झालेली. या वेळी प्रोग्रेसिव्ह लिहिताना माझ्या मनात काही किंतु राहिला नाही.

फ्रेम ३२ मिलिमीटर उंचीची घेतली, बोळाला जागा मिळाली पाहिजे. फ्रेम नाकावर पक्की बसवून, वाकवून, कानामागे घट्ट करून मगच मापं घेतली, कारण मापं घेतल्यानंतर फ्रेम वाकवली की सगळंच बदलतं. त्यांच्या समोर त्याच उंचीवर बसले, त्यांना माझ्या उघड्या डोळ्याकडे बघायला सांगितलं आणि डमी काचेवर मार्करनं बाहुलीच्या बरोबर मधे टिंब काढलं, आधी उजवा मग डावा. नाकाच्या मधापासून उजवा ३१.५, डावा ३२.५, दोन्ही सारखे धरून चालत नाहीत, एका मिलिमीटरनं सुद्धा बोळ बाजूला सरकतो आणि माणूस म्हणतो मला प्रोग्रेसिव्ह सूट होत नाही. मग उठून उभं राहायला लावलं, चारपाच पावलं चालायला लावलं, परत बसवून टिंब बघितलं. जागेवर होतं. काच आल्यावर पहिले चार दिवस सुट्टीच्या वेळी घरी घालायचा, गाडीवर लगेच नाही, आणि माळ्यावर चढायच्या शिडीवर तर कधीच नाही, खाली बघितलं की पायरी वाचायच्या नंबरातून दिसते आणि पाय चुकतो, हे तीनतीनदा सांगितलं.

राहिला वरचा कप्पा, तो तर प्रोग्रेसिव्हमध्ये आरामात दिसणार नव्हताच. जुना चष्मा मागून घेतला आणि लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवला, अर्थात १.७५ च होता. नवीन दूरचा ०.७५ त्यातून वजा, उरला १.००, म्हणजे हद्द बरोबर एक मीटर. अडीच वर्षांपूर्वीचा वाचायचा चष्मा आता वाचायला कमी पडत होता, पण ७५ सेंटिमीटरवरच्या रॅकला एकदम फिट बसत होता. स्क्रू घट्ट करून, काचा पुसून परत दिला. दादांनी रॅकच्या कडेला एक खिळा मारलाय, काळ्या दोरीसकट तो तिथंच लटकवलेला असतो. वरचं काही काढायचं असलं की तो घालतात, खोकं खाली आलं की परत खिळ्याला.